रखमाजी झोपला नव्हता

घाटातल्या रेल्वेच्या एका सांध्यावर एकवीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाची ही हकीकत आहे. नाव रखमाजी असवले, मूळचा टाकवे बुद्रुकचा. पुढाऱ्यांची चरित्रं लिहायला पुण्यात पुष्कळ मंडळी बसलेली आहेत, त्यांच्या शाईला तोटा नाही. सांधेवाल्याचं कोण लिहिणार? म्हणून मी लिहितो. माझं शिक्षण मराठी तिसरी. पुढचं सगळं लोणावळ्याच्या इंजिन-शेडमध्ये कोळसा मारता मारता झालं. माझ्या लिहिण्यात चुका काढायच्या असतील त्यानं खुशाल काढाव्यात, पण आधी रखमाजीचा तो खटका एकदा ओढून दाखवावा.

हा खटका काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खंडाळ्याखाली गाडी घाट उतरताना तिचे ब्रेक धरेनासे झाले तर ती दरीत जायची. म्हणून वाटेत एक जादा लाईन काढलेली असे. ती डोंगराच्या अंगावर चढत जाई आणि तिथंच संपे. सांधा, म्हणजे गाडीची वाट बदलणारे रूळ, कायम त्या चढाच्या लाईनीकडं लावलेला. गाडी कह्यात असेल तर ड्रायव्हर तिला चुना फासलेल्या दगडापाशी माणसाच्या चालीवर आणी आणि शिट्टी मारून सांधा मागे. मग सांधेवाल्यानं दोन्ही हातांनी खटका, म्हणजे सांध्याचा दांडा, ओढायचा, की गाडी खालच्या रुळावरून पुढं जाई. शिट्टी नाही झाली तर खटका ओढायचा नाही. गाडी चढावर जाऊन दमून उभी राहील.

म्हणजे काम हुकमाचं. शिट्टी झाली, ओढ. रखमाजी त्या कामाला अगदी शोभे, कारण त्याच्या तोंडात दोनच शब्द होते, "व्हय जी." साहेबाला व्हय जी, मुकादमाला व्हय जी, बायकोला व्हय जी. आमची युनियन तेव्हा जेमतेम दीड वर्षाची. वर्गणी द्या म्हटलं तरी व्हय जी, आणि मुकादम म्हणाला युनियनच्या नादाला लागू नको, तर त्यालाही व्हय जी. मी एकदा चिडून म्हणालो, "रखमाजीभाऊ, तुमचं स्वतःचं काही म्हणणं आहे की नाही?" तर म्हणाला, "व्हय जी."

सन १९२६ च्या माघात, भर दुपारी, एक मालगाडी उतरत होती. ड्रायव्हरनं शिट्टी दिली. रखमाजीनं खटका ओढला नाही. गाडी चढाच्या लाईनीत शिरली, वर गेली आणि हिसका देऊन थांबली. नथू नावाचा ब्रेकवाला भ्याला आणि उडी टाकून पाय मोडून बसला. बाकी कुणाला काही झालं नाही. चौकशीत ड्रायव्हर म्हणाला, गाडी माझ्या कह्यात होती, शिट्टी दिली होती, सांधेवाला झोपला होता.

आता इथं माझा हात येतो. लपवण्यात अर्थ नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी रखमाजीला गाठलं. बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर आमचा अर्ज चालू होता, दोनशे बारा माणसांचे अंगठे गोळा झाले होते. मी म्हणालो, "झोप लागली म्हणून सांगा. बारा तास उभं केलंत, माणूस आहे, लागली झोप. मग बघतो मी साहेबाकडं." त्यानं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मला आजही दिसतं. पण मला घाई होती. मी म्हणालो, "कळलं ना?" तो म्हणाला, "व्हय जी."

त्यानं तसंच सांगितलं. नोकरी राहिली, ताकीद मिळाली. आठवड्यानं कामावर गेला, खटक्याला हात घातला, आणि उजवा हात उचलेना. नुसता लोंबता. जेवण डाव्या हातानं, मुंडासं बायको बांधून देई.

मग जो तो त्याला त्याचा हात समजावून सांगू लागला. रेल्वेच्या डॉक्टरनं टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाला, ढोंग आहे. तीन महिने बिनपगारी रजा, नंतर हात दाखवायचा, चालला तर ठीक, नाहीतर घरी. टाकव्याच्या देवऋषीनं सांगितलं, भाऊबंदांनी करणी केली. मी सभेत सांगितलं, हा पिळवणुकीचा बळी आहे, बघा हा हात! आणि त्याला बाकड्यावर उभं करून तो हात लोकांना दाखवलासुद्धा. रखमाजी तिघांनाही व्हय जी म्हणाला.

त्याची बायको बयाबाई कुसगावच्या बाजूला एका बंगल्यात धुणंभांडी करायची. बंगला डॉक्टर कारखानीसांचा. हे गृहस्थ लढाईच्या वेळी फौजेबरोबर बसऱ्याकडं गेले होते, छातीच्या दुखण्यानं परत आले आणि हवेसाठी इथं राहिले. तिकडं त्यांनी असे शिपाई पाहिले होते, की अंगाला जखम नाही पण पाय चालत नाही, डोळा दिसत नाही. नंतर व्हिएन्नाकडची पुस्तकं मागवून वाचली. औषध नाही, सुई नाही. रोग्यानं खाटेवर आडवं पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं, डॉक्टरनं ऐकायचं. बोलता बोलता गाठ सुटते म्हणे. मला हे ऐकून हसू आलं होतं. बोलून गाठी सुटत्या तर आमच्या मीटिंगांनी स्वराज्य आलं असतं. पण बयाबाई त्याला घेऊन गेली.

पुढचं मला डॉक्टर आणि बयाबाई या दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे. जुळलं तेवढंच लिहितो.

रखमाजी आठवड्यातून चार दिवस जाई. डॉक्टर म्हणाले, "आडवा हो." तो झाला. डॉक्टर उशाशी खुर्ची घेऊन बसले, त्याला दिसणार नाहीत असे, हातात घड्याळ. "लहानपणचं सांग." त्यानं सांगितलं. एका सालात भाताची रोपं पाण्यात बुडत होती, बाप घरी नव्हता, पोरानं आपल्या बुद्धीनं बांध फोडला आणि पाणी सोडून दिलं. बापानं येऊन बडवला. डॉक्टरांचे कान उभे राहिले. चार-पाच दिवस त्यावरच. शेवटी डॉक्टरांनी सगळी मांडणी करून सांगितली: स्वतःच्या बुद्धीनं काही केलं की बाप मारतो, साहेब म्हणजे तुला बापच, म्हणून तुझ्या हातानं स्वतःला शिक्षा करून घेतली आहे. पटतं का?

"व्हय जी."

डॉक्टर खूश. वहीत लिहून ठेवलं. हात मात्र लोंबताच.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बयाबाईनं भांडी घासायची सोडून पदर खोचला आणि ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली. रखमाजी खाटेवर आडवा.

"डाक्टरसायेब, आता खरं काय ते सांगा. किती दीस ऱ्हायलेत?"

"कशाचे?"

"ह्यांचे! काल मला म्हनले, म्हस थोरल्याला दे, धाकल्याला वरच्या शेताची पट्टी दे, रडू नगंस. परवा टाकव्याला जाऊन समद्यांच्या पाया पडून आले. लोकं इचारत्यात मला!"

डॉक्टर उठून उभे राहिले. "अगं, याला मरायला काय झालंय? रखमाजी, तुला कुणी सांगितलं तू मरणार म्हणून?"

रखमाजी छताकडं बघत म्हणाला, "सांगायचं काय त्यात. दक्षिणंकडं पाय करून निजिवलं. उशाला बसला. घड्याळ धरलं. ल्हानपनापासनं समदं आठवून सांग म्हनला. आमच्याकडं जानाऱ्या मानसाचं असंच करत्यात."

डॉक्टर आधी हसले. बयाबाई सांगायची, मोठ्यानं हसले. मग खाटेकडं बघितलं, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडं बघितलं, दिशा लक्षात आली, आणि हसू गेलं.

"तीन आठवडे तू मरायच्या तयारीनं इथं येतोयस? मग बोलला का नाहीस?"

"तुमी आडवा हो म्हनला, झालो. येवढी शिकल्याली मानसं. म्हनलं, दिसत आसंल कायतरी."

"आणि ते बापाचं मी सांगितलं, त्यालाही तू हो म्हणालास."

रखमाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"तेही असंच?"

"तुमी लय मनापासनं सांगत व्हता," रखमाजी म्हणाला. "मन मोडवंना."

बयाबाईनं कपाळाला हात लावला. "आवो, मग आता तरी बोला की! दातखीळ बसली का?"

रखमाजी उठून बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाचं तरी म्हणणं खोडून बोलला. "बाप माजा तसा नव्हता, डाक्टरसायेब. मारलं त्यानं, खरं हाय. पन दुसऱ्या दिशी मला त्याच बांधावर न्हेलं आन इचारलं, का फोडलास? मी सांगितलं, रोपं बुडाय लागली व्हती. त्यानं पानी बगितलं, रोपं बगितली, म्हनला, बरोबर केलंस, मी उगाच मारलं. मला 'का' म्हनून इचारनारा तेवढा एकच मानूस झाला. तुमी त्यालाच माज्या हाताचा चोर केला."

डॉक्टरांनी वही मिटली. मला हे सांगताना ते म्हणाले होते, "सोपानराव, माझ्याकडं सतरा पानं लिहिलेली होती, आणि त्यात हा माणूस कुठंच नव्हता." या एका वाक्यासाठी मी त्यांचा शिकलेपणा माफ केला.

"रखमाजीराव, माझी चूक झाली," डॉक्टर म्हणाले. "खाट कशी ठेवू, तुम्ही सांगा."

"फिरवू या की. धरा तिकडनं."

शिसवी खाट, दोघांनी दोन्हीकडून उचलली. पाय पूर्वेला केले, खुर्ची समोर आणली. डॉक्टरांना दिसलं, की रखमाजीनं त्याची बाजू दोन्ही हातांनी उचलली होती. बयाबाईलाही दिसलं, ती ओरडणार, तेवढ्यात डॉक्टरांनी तिला नुसत्या मानेनं थांबवलं. स्वतःही काही बोलले नाहीत. खाट ठेवल्यावर हात पुन्हा लोंबायला लागला.

दुसऱ्या दिवशी रखमाजी खाटेवर बसला, आडवा झाला नाही, आणि म्हणाला, "काल हात चालला व्हता. मला ठावं हाय. तुमी बोलला न्हाईत त्ये बरं केलं. बोलला असता तर त्यो तुमचा झाला असता."

मग त्यानंच विचारलं, "तुमी ह्ये कशापायी करता? माजं येवढं इचारलं, तुमचं सांगा." डॉक्टरांच्या पुस्तकांत याला मनाई होती. डॉक्टरनं स्वतःचं काही बोलायचं नसतं. पण ते बोलले. बसऱ्याला एक शिपाई पाय चालत नाही म्हणून आला होता. त्यांनी त्याला ढोंगी ठरवून पुन्हा लढाईवर पाठवला. तो परत आला नाही. "त्यानं मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता," डॉक्टर म्हणाले. "मी घाईत होतो."

रखमाजीनं लोंबता हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "मी झोपलो नव्हतो."

तेव्हा ते बाहेर आलं. गाडी कह्यात नव्हती. तो ते ओळखून होता. शिट्टी झाली, हात खटक्यावर होते, आणि त्यानं ते मुद्दाम, समजून-उमजून काढून घेतले. एकवीस वर्षांत हुकमाबाहेर केलेलं तेवढं एकच काम, आणि तेच बरोबर. त्यावर सगळ्यांनी मिळून झोप पांघरली. शेवटी त्यानं स्वतःही.

एप्रिलच्या अखेरीला तो आमच्या युनियनच्या खोलीवर आला. उजव्या हातानं दार ढकलून.

"सोपाना, त्या अर्जातनं माजी झोप काढ."

मी भडकलो. खोटं कशाला लिहू! "वेड लागलं काय? सगळा अर्ज तुझ्या झोपेवर उभा आहे! आणि झोपला नव्हतास, तर शिट्टीचा हुकूम मोडलास, म्हणजे नोकरीवरून जाशील! हात बरा झालाय ना? मग गपचूप दाखव आणि कामाला लाग!"

"अंगठा मागनार हायती. झोपलो व्हतो, पुन्ना झोपनार न्हाई म्हनून. त्यो लावला, तर हात पुन्ना जाईल."

"मग नको लावू अंगठा, आणि बस उपाशी! दोनशे बारा माणसांचा प्रश्न आहे, एकट्याचा नाही!"

"त्या दोनशे बारांत मी हाय का न्हाई?" तो म्हणाला. "का माजा नुसता हातच हाय?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो. तो गेला.

मे महिन्यात तारीख लागली. साहेबाच्या कचेरीत गोरा साहेब, दुभाष्या बाबू, रखमाजी, मी युनियनतर्फे, आणि मागच्या बाकावर डॉक्टर. रखमाजीनं त्यांना सांगितलं होतं, या, पण बोलू नका. रखमाजीनं आधी हात दाखवला. बाहेर नेऊन त्याच्याकडून यार्डातला खटका ओढून घेतला. ओढला. मग बाबूनं कागद पुढं केला आणि शाईची डबी उघडली. "कामावर असताना झोप लागली हे कबूल आहे, पुन्हा तसं होणार नाही."

मी कुजबुजलो, "लाव. पाया पडतो, लाव." डॉक्टरांना म्हणालो, "तुम्ही तरी सांगा!" ते म्हणाले, "त्यांचं ते बोलतील." अशी चीड आली मला त्या माणसाची!

"सायेब," रखमाजी म्हणाला, "काम करीन. अंगठा न्हाई लावायचा. मी झोपलो नव्हतो."

बाबू चपापला. साहेबाला तोडकंमोडकं हिंदुस्थानी येत होतं. "सोया नहीं, तो काँटा क्यों नहीं दिया? सीटी हुआ था."

मी उठलो. "साहेब, त्याचं म्हणणं असं, की—"

"सोपाना, तू बस," रखमाजी म्हणाला.

मी बसलो. मला बस म्हणणारा माणूस मावळात तोवर जन्मला नव्हता.

"शिट्टी झाली, खरं हाय," रखमाजी म्हणाला. "पन गाडी कह्यात नव्हती. शिट्टी ड्रायव्हर देतो, सायेब. गाडी चाकावर चालती. फिरतं चाक जात्यागत घरघरतं. त्या दिशी इळ्याला धार लावल्यागत आवाज येत व्हता, एकसारखा. मधल्या वाघिनींची, मालडब्यांची, चाकं बिरेकात आवळून फिरत नव्हती, रुळावरनं घसरत व्हती. चालीवरनं गाडी गरीब दिसत व्हती, पन खालच्या उताराला ती ऱ्हायली नसती. म्हनून न्हाई दिला सांधा."

बाबूनं ते साहेबाला सांगितलं. साहेब पूर्वी स्वतः इंजिनवर होता. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. विचारलं, याला पुरावा काय?

रखमाजी माझ्याकडं वळला. "सोपाना, तू शेडात असतोस. त्या आठवड्यात चाकं चपटी झाल्याल्या वाघिनी आल्या व्हत्या का?"

घसरलेलं चाक एका जागी घासून चपटं होतं, हे शेडमधला नवा पोरगाही जाणतो. आल्या होत्या. दोन. मी स्वतः पाहिल्या होत्या, चिडून म्हणालोही होतो की कुणी घासून आणल्या. पण त्या कोणत्या गाडीच्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या लेखी रखमाजी झोपलेला होता, मग विचारायचं काय?

"होत्या," मी म्हणालो. "दोन होत्या."

साहेबानं शेडचं पुस्तक मागवलं. अर्ध्या तासानं पुस्तक आलं, साहेबानं बोट फिरवलं, मिटलं. तो माफी मागेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं साहेब पाहिलेला नाही. जुना निकाल त्यानं बदलला नाही. ड्रायव्हरला काही विचारल्याचंही ऐकिवात नाही. फक्त तो कागद बिनअंगठ्याचा उचलून खणात टाकला आणि म्हणाला, एक महिना कामावर ठेवून बघू.

रात्रीपर्यंत मी धुमसत होतो. दुसऱ्या दिवशी अर्ज काढला, झोपेचा परिच्छेद खोडला आणि त्याच्याकडं जाऊन विचारलं, "रखमाजीभाऊ, इथं काय लिहू?" त्यानं सांगितलं: बारा तास उभा राहून माणूस कान शाबूत ठेवतो, म्हणून गाड्या खाली पोचतात, ते कान टिकायचे तर पाळी आठ तासांची हवी. माझ्या सगळ्या भाषणांत एवढं चांगलं वाक्य नव्हतं. तेच घातलं.

तो कामावर परतला त्या पहिल्या दिवशी डॉक्टर आणि मी घाटात गेलो. रखमाजीनं आम्हांला रुळापासून लांब उभं केलं. दुपारी मालगाडी आली. चुन्याच्या दगडापाशी मंदावली, शिट्टी झाली. रखमाजीनं खटका धरला, पण ओढला नाही. मान कलती करून उभा. शिट्टी पुन्हा झाली. डॉक्टरांनी माझा दंड धरला. मग त्यानं दोन्ही हातांनी खटका ओढला आणि गाडी खालच्या रुळावर वळली.

इंजिन आमच्या समोरून जाताना ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढून शिवी हासडली, "ए सांधेवाल्या! झोपलास का काय रे?"

"जागा हाय!" रखमाजी ओरडला. "म्हनून तर येळ लागला!"